अक्काचा पासवर्ड

फोन आला तेव्हा मी धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी घेत होते. जळगावहून रेखा बोलत होती, अक्काच्या हाताखाली शिकलेली आणि आता अक्काचाच क्लास सांभाळणारी. "ताई, अक्का गेल्या," एवढं म्हणून ती थांबली. आजार जुना होता, डॉक्टरांनी आडून आडून सांगूनही ठेवलं होतं, तरी हातातली मेथीची जुडी कुठे ठेवावी हे मला सुचेना. मग रेखा चाचरत म्हणाली, "आणि... त्यांचा कॉम्प्युटर चालूच आहे. पासवर्ड मागतोय. बंद करू का?" मी म्हटलं, "मी येईपर्यंत हात लावू नकोस." का म्हटलं ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण विजया. आमचं गाव यावलजवळ, घराच्या मागच्या दारापासून केळीच सुरू होते. गणित घेऊन ती जळगावला शिकली, पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि सगळे पुण्याकडे पळत असताना ही उलटी जळगावला आली. दोन खोल्या भाड्याने घेऊन क्लास काढला. अक्काला भरीत आयुष्यात कधी धड जमलं नाही, वांगं एक तर कच्चं नाही तर कोळसा. पण पर्ल नावाच्या भाषेत ती प्रोग्रॅम लिहायला बसली की बघत राहावं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जळगावात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं, तेव्हा केळी उत्पादकांच्या एका मंडळाने तिला वेबसाइट करायला सांगितली. रोजचा केळीचा भाव त्यावर दिसायचा, आणि दिल्ली-कानपूरकडच्या व्यापाऱ्याने आपलं नाव, गाव, किती माल हवा ते लिहिलं की मंडळाला पत्र पोचायचं. आमचे वडील, नाना, त्या मंडळाचे सभासद. त्यांनी लेकीला स्पष्ट सांगितलं होतं, हे काम टिकलं तर जळगावात एकटी राहा, गेलं तर मुकाट्याने घरी ये. 'घरी ये' म्हणजे पुढे काय, हे आमच्याकडच्या कुठल्याही मुलीला समजावून सांगावं लागत नाही.

साइट चालली. नाना बाजारात दोन बोटं उंच झाले. आणि एका शनिवारी अक्का माझ्याकडे धुळ्याला आली ती उतरलेल्या चेहऱ्यानेच. शेवभाजीला हात न लावता म्हणाली, "माह्याच हातानं भोक राह्यलं." मला काही कळेना, तेव्हा तिने आमच्या गावच्या घराचं उदाहरण दिलं. आमच्याकडे ओट्यावर पाण्याची बादली आणि तांब्या कायम भरलेला असतो. येणारा कोणीही असो, सोयरा, व्यापारी, वाट चुकलेला, त्याला आधी पाणी. नाव-गाव विचारायची घाई करायची नाही, तो अपमान समजतात. अक्काने प्रोग्रॅमही तसाच लिहिला होता. आलेला माणूस 'गाव' म्हणून जे लिहील ते आदराने उचलायचं आणि तसंच्या तसं सर्व्हरच्या हातात द्यायचं. आता एखाद्याने गावाच्या नावापुढे अर्धविराम टाकून सर्व्हरला हुकूमच लिहिला तर? सर्व्हर बिचारा तोही पाळणार. "पाहुण्याले पानी देलं मी," ती म्हणाली, "पन पाय धुवायले सांगितलंच नाही."

मी व्यवहारी बाई. म्हटलं, कोणाला कळलंय का? नाही ना? मग गुपचूप बुजव आणि जेव. ती म्हणाली, बुजवलं कालच. पर्लला पहिल्याच ओळीत एक 'टी' लिहून दिला की बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट तो मळकी धरतो, तपासून घेतल्याशिवाय आत कशाला शिवू देत नाही. पण भोक एकट्या प्रोग्रॅमात नव्हतं. मंडळाच्या कचेरीत सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता आणि तो चहावाल्यालाही पाठ होता. वेगळे पासवर्ड करा म्हटलं की सगळ्यांना राग यायचा. मंडळाचे अध्यक्ष आबा, चोपड्याकडचे, तर हसून उडवून लावायचे, "आठे बठ्ठा घरनाच मानसे शेतस, मंग दपाडानं कोनपाईन?" घरच्याच माणसांपासून लपवायचं म्हणजे त्यांच्या लेखी शिवीच होती. तेव्हा अक्काने ठरवलं होतं की भर सभेत आपलीच चूक दाखवायची. मी तिला नानांच्या अटीची आठवण करून दिली. ती म्हणाली, "माहीत हाय." आणि मग शेवभाजी जेवली.

सभेला मीही गेले, कोणी बोलावलं नव्हतं तरी. जुना प्रोग्रॅम अक्काने तेवढ्यापुरता वेगळ्या जागी मांडला होता. तारेतून कुईकुई आवाज आला, पान हळूहळू उतरलं, त्या दिवसाचा भाव दिसला. अक्काने व्यापाऱ्याचा फॉर्म उघडला, गावाच्या चौकटीत एक ओळ लिहिली, बटण दाबलं. पान पुन्हा उघडलं तर केळीचा भाव शून्य. ती म्हणाली, "हे मी दिल्लीत बसूनही करू शकले असते. आणि चूक दुसऱ्या कोणाची नाही, हा प्रोग्रॅम मीच लिहिलाय." नाना पांढरे पडले होते. "पोरी, आपल्याच घराले भोक पाडलं का तू?" आबांनी मात्र पडद्यावरून नजर काढली नाही. "मंग हाई कोनीबी करी सकस?" अक्का म्हणाली, "कोणीही. म्हणून आलेल्याला पाय धुवायला लावायचे, आणि किल्ली ज्याची त्याच्यापाशी." आबांनी अगदी मायेनं विचारलं, "तुना पासवर्ड तरी माले सांगशी का, बेटा?"

वडीलधाऱ्याने चार माणसांत मागितलेलं नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही, आणि अक्काचं जळगाव त्या एका उत्तरावर अडलेलं. ती म्हणाली, "नाही, आबा."

नानांनी डोळे मिटले. आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली... आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "मंग मना बी कोनी इचारानं नई." झालं, ज्याचा त्याचा वेगळा पासवर्ड, ठराव मंजूर. दुसऱ्या दिवसापासून नाना ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला लेकीने केळीचा भाव शून्य कसा केला ते सांगू लागले. शून्यावर त्यांचा आवाज चढायचा. अक्का जळगावातच राहिली.

पुढे धुळ्याच्या कॉलेजातही तिला शिकवायला बोलावत. फायलीला सात-सात-सात, म्हणजे कोणीही वाचावं, बदलावं, चालवावं अशी परवानगी दिलेली दिसली की ती मुलांना विचारायची, "घराला दार तर नाहीच, चौकट पण काढून दिली का?" काय येऊ नये याची यादी करत बसू नका, ती संपत नाही, काय येऊ द्यायचं तेवढं ठरवा. सर्व्हरचा मालक बनून बसू नका, लागेल तेवढाच हक्क घ्या. जुन्या प्रोग्रॅमची प्रत उघड्यावर टाकू नका. रोज सकाळी चहा घेताना सर्व्हरवर कोण कोण येऊन गेलं ते वाचा. तिची मुलं आज कुठे कुठे मोठ्या जागी आहेत, आणि एकमेकांचं काम तपासताना अजून विचारतात म्हणे, पाय धुतले का? तिला मोठं बक्षीस कधी मिळालं नाही. मला त्याचं सुरुवातीला वाईट वाटायचं, आता वाटत नाही.

दवाखान्यात शेवटच्या भेटीत मीच विषय काढला होता. म्हटलं, अक्का, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये आई-नानांचे फोटो आहेत, आता तरी पासवर्ड सांग. ती हसली, हसताना तिला धाप लागली. "आबाले नाही सांगितला, तुले सांगू? तुले सांगितला त मग तो पासवर्ड कसा?" मला राग आला होता. खरंच आला होता.

दिवस झाल्यावर मी तिच्या खोलीत गेले. कॉम्प्युटर तसाच, रिकाम्या चौकटीत ती उभी रेघ लुकलुकत होती. रेखा हळूच म्हणाली, "ताई, कुलूप फोडता येईल. फोटो तरी मिळतील." मी खुर्चीवर बसले. आईचा तो जात्यावरचा फोटो, नानांचा टोपीतला, दोन्ही तिथेच आत होते, आणि माझ्याकडे त्यांची दुसरी प्रत नव्हती. थोड्या वेळाने मी रेखाला म्हटलं, "फोडू नकोस. सगळं पुसून टाक आणि मशीन मुलींना शिकायला दे." रेखा रडली. मी तिथे रडले नाही, बसमध्ये पारोळ्याच्या पुढे रडले.

धुळ्याला आल्यावर पहिलं काम केलं ते माझा पासवर्ड बदलायचं. आमच्या घरात तो सगळ्यांना पाठ होता, सुनेच्या माहेरीसुद्धा. संध्याकाळी यांनी कॉम्प्युटर उघडला आणि तिथूनच विचारलं, "अगं, काय ठेवलास नवीन?"

मी सांगितला नाही.