मोठ्या आईचा न धुतलेला दुपट्टा

लोकांची भीती वाटते, हे सांगायचीही मला लाज वाटायची. लाखनीच्या एका शाळेत मास्तरणीच्या नोकरीची मुलाखत होती. आधीच्या दोन मुलाखतींतून मी नाव पुकारायच्या आधीच पळ काढला होता. या वेळी पळायचं नाही, मग काय व्हायचं ते होवो.

भंडाऱ्याला डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि समुपदेशनाच्या मॅडमही. मॅडम लोकांत मिसळायचा गृहपाठ द्यायच्या आणि माझी गाडी तिथेच अडायची. दुकानात चार माणसं दिसली की मी माघारी. मग दिघोरीला, आमच्या गावी, धानाची रोवणी लागली. बाया कमी पडल्या, म्हणून मोठ्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या काकूने, मला बांधीतल्या, धानाच्या वाफ्यातल्या, चिखलात उतरवलं. दहा-बारा बाया एका ओळीत वाकून धान रोवत होत्या, घामाने निथळत. तासाभराने ध्यानात आलं, की माझी छाती धडधडत नाहीये. मोठ्या आईच्या घामाचा उग्र वास नाकात होता आणि मी चक्क हसत होते.

मॅडमना हे वासाचं सांगितलं. वाटलं, ही बाई मला वेड्यात काढणार. पण त्या म्हणाल्या, माणसाच्या घामाच्या वासाने अशा उपचाराला मदत होते का, हे काही जण तपासून पाहताहेत. पक्कं काही नाही. गोळ्या सोडू नको, बाकी करून बघ. झालं! मोठी आई शेतात डोक्याला बांधायची तो दुपट्टा मी मागून घेतला. पिशवीत ठेवायची, बाजारात एकदा हुंगायची आणि पुढे जायची.

मुलाखतीच्या सकाळी पिशवी उघडली, तर दुपट्टा स्वच्छ धुतलेला. साबणाचा वास, वर इस्त्रीची घडी! पोरगी चांगल्या कामाला निघाली की आमच्याकडे मळकं काही सोबत देत नाहीत. माझं डोकंच फिरलं. तशीच शेतावर गेले.

"काहून धुतला व?"

"साहेब लोकांत माहा वास घेऊन जाशील? तुले नाव ठेवतीन."

"मंग तूच चाल. आंघोळ नको करू."

ती नाही-नाही म्हणत राहिली, पण मी हटले नाही. शेवटी पाय धुऊन तशीच एसटीत बसली.

शाळेच्या बाकावर मात्र ती कोपरं अंगाशी घट्ट धरून, माझ्यापासून हातभर लांब आखडून बसली. कुणाला वास येऊ नये म्हणून. कुणी आपल्याकडे पाहू नये, असं वाटणं मला चांगलं ठाऊक होतं. माझ्यापायी ती हे सोसत होती. मला भरून आलं. मी सरकले, तिचा हात उचलला आणि सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर टाकला. समोरच्या दोघी नाकाला रुमाल लावून बघत होत्या. बघेनात का.

नाव पुकारलं. आत तिघे जण बसले होते. त्यांनी काही विचारायच्या आधी मीच बोलले. बाहेर माझी मोठी आई बसली आहे, म्हटलं, ती शेतातून थेट आली आहे. आधी तिला पाणी द्या, मग मला काय विचारायचं ते विचारा.