भांडण मिटवणारा

तुमसरात कोणाचाही कॉम्प्युटर अडला की ह्या दुरुस्तीवाल्यालाच बोलावतात. आल्याबरोबर हा डब्यावर तळहात ठेवतो, ताप पाहावा तसा, आणि म्हणतो, "होऊन जाते जी." ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मी त्याच्या तोंडून आजवर ऐकलेलं नाही.

माझ्याकडे गप्पांचे दोन प्रोग्राम होते. पुण्याचा मुलगा एकावर भेटायचा, रायपूरला दिलेली मुलगी दुसऱ्यावर. कोणी आलं की नावापुढे हिरवा दिवा लागायचा. पण दोन्ही प्रोग्राम एकदम सुरू व्हायचे, माइकसाठी भांडायचे आणि कॉम्प्युटर गोठायचा. एक बंद करून दुसरा उघडला असता तरी भागलं असतं, पण एवढी साधी दुरुस्ती ह्याला कमीपणाची वाटते. कचेऱ्यांतली असली भांडणं तो हुद्दा पाहून मिटवतो. मोठा साहेब ज्यावर बोलतो तो प्रोग्राम राहतो, दुसरा जातो.

माझ्या घरात साहेब नव्हते. त्याने विचारलं, "काकाजी, पोरगा कोनत्यावर बोलते?"

मी बोट दाखवलं.

"मंग दुसरा काढून टाकतो. एका घरात दोन कारभारी कायले पाह्यजे?"

काढलाही. मी चहा पाजला. त्याने तो बशीत ओतून सावकाश घेतला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, तुमचा दिवा काहून नाही लागून राहिला?"

"कॉम्प्युटर बिघडला हाय, माय," मी म्हणालो.

समोर कॉम्प्युटर झकास चालू होता. मुलाचा दिवा तेवढा विझलेला होता.