प्रायमर नको म्हणणारा मी

सेनगावातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टाईल बसवायची ठरली, तेव्हा मी मोबाईलवर तीन व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालो होतो. हिंगोलीहून आलेल्या मिस्त्रीला मी बजावलं, "प्रायमर-बिमर नको. भारीतलं ॲडेसिव्ह आणलंय, डायरेक्ट चिकटवा."

त्याने भिंतीवर बोटाची पेरं ठोकली, जुन्या ऑइलपेंटवरून नख ओढलं, माझ्या पद्धतीने एकच टाईल लावली आणि घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने ती दोन बोटांनी ओढली. टाईल आली, आणि तिच्या पाठीला चिकटून रंगाचा पापुद्राही आला.

"सर, तुमचा माल बराबर हाय. त्यानं रंगाला पक्कं धरलं. पर रंगानं भिंतीला न्हाई धरलं, त्याला काय करता?"

मग त्याने सगळा रंग खरवडला, प्रायमर लावला आणि तो वाळेपर्यंत मला भिंतीजवळ फिरकू दिलं नाही.

आता पाहुणे भिंतीची तारीफ करतात, तेव्हा मी त्यांना प्रायमरवर अर्धा तास व्याख्यान देतो. परवा एकाने मिस्त्रीचं नाव विचारलं. तीस वर्षं वर्गात हजेरी घेतलेला मी माणूस, पण त्याचं नाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं.