‘रहेवा दो, शेठ’

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी सुरतेच्या लिंबायतमधल्या एका पाळणाघराच्या मागे लागले. मागे लागले हाच शब्द बरोबर, कारण त्यांनी मला बोलावलंच नव्हतं. खानदेशातून आलेल्या काही बाया मिळून ते चालवायच्या. त्यांना पैसे देणाऱ्या मुंबईच्या संस्थेने ‘आमचं धोरण बदललं’ असं पत्र पाठवून हात झटकले होते. दिवाळीनंतर खोल्यांचं भाडं कुठून द्यायचं, कुणालाच माहीत नव्हतं. पाळणाघर बंद झालं असतं तर सगळी पोरं पुन्हा आयांबरोबर खात्यात गेली असती. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. तिथल्या खडखडाटात तान्हं पोर झोपत नाही, रडून रडून थकतं आणि पडतं.

माझ्या ओळखीने पैसे आणणं सोपं होतं. पण ते मला करायचं नव्हतं. आज मी आणीन, उद्या मी नसेन, मग काय? मागायला यांनीच शिकायला हवं होतं.

पाळणाघर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. शिक्षण चौथीपर्यंत, पण हिंदी, गुजराती, मराठी तिन्ही फाडफाड. हीच कापडवाल्या शेठांकडे पैसे मागायला जाईल, असं मी ठरवूनच टाकलं. दुपारी पोरं झोपली की मी शेठ होऊन खुर्चीत बसायची आणि ती समोर उभी राहून बोलायची. आठ दिवस हा तमाशा चालला. मी सुबक छापील फाइलही करून दिली, माझी मीच खूश.

पहिल्या शेठकडे आम्ही दोघी गेलो. कपडा मार्केटात पांढऱ्या गादीवर बसलेला भला माणूस. त्याने पाणी विचारलं, ताई म्हणाली, ‘‘रहेवा दो.’’ चहा विचारला. ‘‘रहेवा दो ने.’’ नंतर बोलली मात्र छान. शेठने सगळं ऐकलं आणि किती पैसे हवेत ते विचारलं, ‘‘केटला जोइए, बेन?’’

आणि ही बया हात जोडून म्हणते, ‘‘रहेवा दो ने, शेठ. तुम्ही एवढं ऐकलंत तेच पुष्कळ!’’

शेठने हात जोडले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आम्ही बाहेर.

रिक्षात मी तिला नाही नाही ते बोलले. ‘‘अहो, तुमच्याकडे ‘राहू द्या’ म्हटलं की दुसरी पोळी वाढतात. त्याच्याकडे ‘राहू द्या’ म्हणजे राहू द्या! त्याने राहू दिलं!’’ ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ‘‘माले लाज वाटस, मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘शेजारणीकडे मीठ मागायलासुद्धा मी कधी गेले नाही.’’ माझा राग कुठल्या कुठे गेला. पण तोंडाने सॉरी म्हणायची सवय नाही, म्हणून मी तिच्यापुढे माझा रुमाल धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर दारात भांडण चाललेलं. एक आई पोराला डब्याशिवाय सोडून निघाली होती आणि ताई तिच्यावर बरसत होती. ‘‘काल डबा काब्र नही दिना वं? आजही नाही? पोर तुझं, आणि उपाशी माझ्या दारात ठेवतेस?’’ ती आई मुकाट्याने केळी आणायला पळाली.

मी म्हटलं, अगं बाई! हिला तर मागता येतं! पोरासाठी मागताना हिला लाज शिवतही नाही. ती फाइल मी बाजूला टाकली आणि ताईला एवढंच सांगितलं, ‘‘शेठ म्हणजे डबा न देणारी आई, असं समजून बोला.’’

दुसऱ्या दुकानात तिने चहा घेतला, बशीत ओतून सावकाश प्याली. मग समोरच्या साडीचा पदर उलटा करून शेठला म्हणाली, ‘‘हे धागे जिने कापले, तिचं पोर आत्ता माझ्याकडे झोपलंय. दिवाळीनंतर ते कुठे झोपणार, तुम्हीच सांगा.’’ शेठने साडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘आखा वरसनुं हुं आपी दईश.’’ म्हणजे अख्ख्या वर्षाचा खर्च!

ताई म्हणाली, ‘‘रहेवा दो, शेठ.’’

 मी पदराआडून तिला चिमटा काढला. तिने माझा हात बाजूला सारला.

‘‘सगळं नको,’’ ती पुढे म्हणाली. ‘‘एकाच्या भरवशावर आम्ही राहिलो, तो उठून गेला आणि आम्ही रस्त्यावर आलो. तुम्ही फक्त भाडं द्या. आणि तुमच्या लाइनीतल्या दुकानांना फोन करा. बाकीचं मी त्यांच्याकडे मागते.’’

हे मी शिकवलं नव्हतं. माझ्या फाइलीत ही ओळच नव्हती! शेठने तिथेच फोन लावला आणि मला पदराने डोळे पुसावे लागले. एवढा अभिमान मला स्वतःच्या बढतीचाही वाटला नव्हता.

पाळणाघर चालू राहिलं. आता सुरतेतल्याच पांडेसरा भागातल्या बायांनाही तसंच काढायचं आहे आणि त्यांना शेठकडे कसं बोलायचं ते ताई शिकवते. परवा त्या सगळ्या मार्केटात जाणार असं कळलं, तेव्हा मी फोन करून विचारलं, किती वाजता येऊ?

 ताई हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, रागावू नका. पण तुम्ही नका येऊ. तुम्ही असलात की शेठ तुमच्याकडेच बघून बोलतो.’’

फोन ठेवून मी पंधरा मिनिटं रागावले. मग शेजारणीला बोलावून सगळं कौतुकाने सांगितलं, दोनदा.