पाटी आली की गप्प

रविवारी दुपारी आपल्या रत्नागिरीच्या थेटरात फ्रेंच सिनेमा बघून आलो... खरं सांगायचं तर पडद्याकडे माझं लक्षच नव्हतं. मी बघत होतो तो पडद्याशेजारी काठी घेऊन उभ्या राहिलेल्या सदाशिवला.

सिनेमा मुका आणि त्यातल्या पाट्या सगळ्या फ्रेंच. आपल्याकडे फ्रेंच कुणाला कळतंय? म्हणून मालकाने नाटे गावच्या ह्या खलाशाला गोष्ट सांगायला उभं केलं होतं. सात वर्षं फ्रेंच आगबोटीवर होतो म्हणतो. आणि हाच आमच्या वत्सूला सांगून आलाय!

वडील नाहीत, त्यामुळे होकार-नकार माझ्यावर. धाकट्या बहिणीच्या जन्माचा प्रश्न... मी पडलो कचेरीतला कारकून, लोकांच्या अर्जांतल्या थापा शोधण्यात आयुष्य चाललंय. सात वर्षं गावाला न दिसलेला माणूस खरंच बोटीवर होता, की तुरुंगात?

खेळ सुरू झाला. गडी सांगत छान होता, बायका डोळे पुसत होत्या. पण माझ्या एक गोष्ट लक्षात आली... पडद्यावर माणसं बोलताना दिसली की हा धडाधड बोले, आणि पाटी आली की गप्प!

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे मेल्या, काय लिवलाय ता सांग!" तर म्हणतो कसा, "आत्ता बोलला तेच लिहिलंय."

हात्तिच्या! म्हणजे मनचंच ठोकतोय.

मध्यंतरात दिवे लागले. शेजारी बसलेल्या मामांच्या कानाला लागून मी मनातलं बोललो आणि उठलो. फिल्मच्या पेटीतून आलेली एक फ्रेंच जाहिरात मालकाकडून मागून घेतली, ती सदाशिवपुढे धरली. म्हटलं, एवढं वाचून दाखवा.

त्याने कागद घेतला, बघितला, परत दिला. "भाऊ, मला अक्षर येत नाही. फ्रेंच नाही नि मराठीही नाही."

सापडला चोर! मला कसला आनंद झाला म्हणून सांगू... नकार कसा कळवायचा तेही मी ठरवून टाकलं. मग ही गोष्ट काय स्वप्नात दिसली, असं दरडावून विचारलं.

"बॉयलरपाशी होतो मी," तो शांतपणे म्हणाला. "तिथल्या धडधडीत कानाला काय कळणार? ओठ बघूनच बोलणं कळायचं. ही पडद्यावरची माणसं फ्रेंचच बोलतायत. मला दिसतं."

ह्यॅ! म्हटलं, कुणाला बनवतोस?

"मघाशी त्या लांबच्या बाकावर तुम्ही मामांना म्हणालात... फ्रान्स कसलं, हा जयगड बंदराच्या पुढे गेला नसेल."

शब्दन्‌शब्द खरा होता, आणि मध्ये अख्खं थेटर कलकलत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

घरी येऊन वत्सूला सगळं सांगितलं, निरक्षर आहे हेही. ते लपवून कसं चालेल? ती मराठी चार इयत्ता शिकलेली, वाटलं नाक मुरडेल. तर म्हणाली, "दादा, तू विचारल्यावर त्यांनी खरं तेच सांगितलं ना? मग झालं तर. वाचायला मी आहे."

काल होकार कळवला. आता हा जावई घरात असला की कुजबुजूनसुद्धा कुणाबद्दल वाकडं बोलायची सोय नाही... बरंच झालं म्हणा, माझी ही खोड मोडायला असंच कुणीतरी हवं होतं.