अक्काचं वाक्य

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी वर्गातल्या पोरांनी मला ठेवलेली नावंसुद्धा सांगते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही अक्काला ओळखत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ताडकळसजवळच्या आमच्या गावात तीस वर्षं आमची चूल एकच. मी शाळेत मराठी शिकवायची, ती घर आणि रान बघायची. तिचं बोलणं अस्सल इकडचं. माझंही तसंच होतं — पण डी.एड.ला असताना मी ते घासून घासून काढून टाकलं. तिचे शब्द मी पोरांसमोर दुरुस्त करायची. ती हसायची. म्हणायची, "मास्तरीण हाय बाई आमची."

मग ती मालिका आली. निजामाच्या काळातली, एका जुन्या गाजलेल्या कादंबरीवरची. शूटिंग पाथरीकडं होतं. पुण्या-मुंबईच्या नटनट्यांना इकडची बोली शिकवायला माणूस हवं होतं, आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. दिवाळीची सुट्टी, न्यायला-आणायला गाडी. नाही कशाला म्हणू? पहिल्याच दिवशी कळलं — मला ती बोली येतच नव्हती. शब्द आठवायचे, पण वाक्य तोंडातून निघायचं ते पुस्तकातलं. हसू नका. म्हणजे, हसा, हसण्यासारखंच आहे.

म्हणून रोज संध्याकाळी मी अक्काजवळ जाऊन बसायची. ती भाकरी थापत असायची. मी सहज विचारल्यासारखं करायची — पोरगं न जेवता निघालं तर आई काय म्हणेल हो अक्का? तिनं मान वर न करता सांगितलं, "उपाशी जायलास व्हय रे? मग ह्यो तवा म्या कुनासाठी ठिवला?" मी आतल्या खोलीत जाऊन ते वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझं म्हणून दिलं. दिग्दर्शकांनी ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, असं वाक्य तर कादंबरीतही नाही, बाई.

इथवर नुसती चोरी. त्या चोरीचं मला फारसं काही वाटत नाही, खरं सांगते. पण पुढचं सांगायचं म्हणून तर मी एवढी वळणं घेते आहे ना?

त्यांना जात्यावर बसणारी एक म्हातारी हवी होती. दोन वाक्यांचं काम. गाडीच्या ड्रायव्हरनं ते अक्काच्या समोरच सांगितलं. संध्याकाळी ती म्हणाली, "माझं इचार की त्यास्नी." तीस वर्षांत तिनं माझ्याकडं पहिल्यांदा काही मागितलं. लेकीच्या लग्नातलं हिरवं लुगडं पेटीतून काढून, नीट घडी घालून गादीखाली ठेवलं, सुरकुत्या जाव्यात म्हणून.

मी विचारलं का? नाही. दिग्दर्शकांना सांगितलं, आमच्या घरात असं बोलणारं आता कुणी उरलेलं नाही. अक्कानं तिथं एकदा तोंड उघडलं असतं तर माझ्या वहीतली वाक्यं कुणाची ते सगळ्यांना कळलं असतं. एवढंच कारण.

आणि तिला काय सांगितलं? दुसरी बाई मिळाली, एवढं म्हणता आलं असतं. ते पुरलं असतं. मी म्हणाले, "विचारलं मी. पण तुमचं बोलणं फार गावंढळ आहे म्हणाले, टीव्हीवर शोभायचं नाही." इतकी वर्षं जे माझ्या मनात होतं, ते मी दुसऱ्याच्या तोंडी घातलं. अक्का "बरं" म्हणाली. लुगडं परत पेटीत गेलं.

मालिका लागली. सगळे समोर बसलेले. माझं नाव आलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या का चौथ्या भागात ती नटी म्हणाली — मग ह्यो तवा म्या कुनासाठी ठिवला? घरचे कौतुकानं माझ्याकडं बघायला लागले. अक्का टीव्हीकडंच बघत होती. जरा वेळानं तिनं विचारलं, "मग हिचं कसं शोभलं?"

ती नटी आहे, अक्का, असं मी म्हणाले.

तिला कळलं होतं का? माहीत नाही. तिनं पुन्हा विषय काढला नाही, मीही नाही.

ताडकळसच्या बाजारात पूर्वी अक्का यायली दिसली की माळणी आपसूक भाव उतरवायच्या, असं तिचं तोंड होतं. तिच्या मागं चार बाया उभ्या राहायच्या, तिनं पाडलेल्या भावानं वांगी घ्यायला. आता ती पिशवी धरून माझ्या मागं उभी राहते. "तूच बोल बाई," म्हणते, "तुला नीट येतं." मग मी बोलते. माळीण सांगेल तो भाव देते. तो जास्तीचा आहे हे अक्काला कळतं, पण ती काही बोलत नाही.