साडू आणि मडक्यातलं बी

माझ्या साडूइतका उपकारांखाली वाकलेला माणूस आख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. "उपकार झाले बापा" असं तो विहिरीच्या दोराला म्हणायचा, बैलाला म्हणायचा, पायातला काटा निघाला की काट्यालाही म्हणायचा. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. चिखलीच्या बाजारात भाजी विकून आम्ही एस.टी.नं परत निघालो आणि गाडी अर्ध्या रस्त्यात बसली. सगळे शिव्या देत पायी निघाले. साडू मागं राहिला. गाडीच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाला, "उपकार झाले बापा." कंडक्टर आधीच तापलेला. "काऊन बे, म्हैस हाये का थे?" साडू म्हणाला, "म्हैस घरी हाये, साहेब. तिनं मले कधी चार कोस आनलं नाही." एकदा त्याची दाढ ठणकत होती, तर दात काढणाऱ्यानं शेजारची चांगली दाढ उपटली. मी त्या माणसाची गचांडी धरायला उठलो. साडू रक्त पुसत म्हणाला, "राहू द्या, साडभाऊ. थेही कधी ना कधी दुखलीच असती." आणि दुखरी दाढ काढायला पुन्हा तोंड उघडून बसला. अशा माणसाशी भांडता येत नाही, आणि मला भांडल्याशिवाय जेवण जात नाही.

माझी बायको गेली, तेव्हा तेराव्याला आलेले लोक मला देवाची इच्छा समजावत होते. साडू सरळ आत जाऊन विझलेल्या चुलीपुढं हात जोडून बसला. "अक्काच्या हातची लई भाकर खाल्ली. उपकार झाले." माझं डोकं फिरलं. "चूल थंड पडली, कोनाले सांगून राह्यला?" तो म्हणाला, "थंड हाये म्हनूनच सांगून राह्यलो. पेटली की तिले काम राह्यते." मी त्याला घराबाहेर काढलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी हा पुन्हा हजर.

आमचा मळा भाजीचा. बी ठेवायचं काम बायकोचं. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत पुरचुंड्या बांधायची आणि राखेच्या मडक्यात पुरून ठेवायची. निळ्या चिंधीत काय, काठाच्या चिंधीत काय, हे तिलाच ठाऊक. मी कधी विचारलं नाही. विचारावं लागेल असं वाटलंच नव्हतं. ती गेल्यावर मी मडकं आढ्याला टांगलं आणि मळा तणाला दिला. दोन माघ तसेच गेले. तिसऱ्या माघात साडू आढ्याकडं बघून म्हणाला, "साडभाऊ, औंदा नाही लावलं तं हे बी मरते."

"मरू दे. ठेवनारी गेली, बी राहून काय करते?"

त्यानं मडकं खाली काढलं. मी त्याचा हात धरला. "कोनत्या पुरचुंडीत काय, तुले मालूम हाये?"

"नाही."

"मंग?"

"उगवल्यावर सांगतीन ना थेच."

मला हसू आलं असावं, कारण हात सुटला. जी पुरचुंडी हाती लागेल ती आम्ही मिळेल त्या वाफ्यात लावली. पंधरा दिवसांत वांग्याच्या रोपांत दोडका उगवला, मेथीत दुधी भोपळा निघाला. गाव बघायला यायचं. "मळा हाये का लगनाची वरात?" एकच वाफा कोरा राहिला. साडू रोज त्याला पाणी द्यायचा, वर आधीच उपकार मानून ठेवायचा. मी म्हणालो, "मेलं थे बी. सोड आता." तो म्हणाला, "पानी तं पेलं ना त्यानं."

विसाव्या दिवशी तिथं कोंब दिसले. कारलं. घरात बायको एकटीच ते खायची. मी आयुष्यभर ताट सरकवलं. साडू त्या दिवशी आला नव्हता. मी आजूबाजूला कोणी नाही असं नीट पाहून घेतलं आणि त्या वाफ्याला दोन शब्द बोललो. कोणते ते सांगणार नाही. त्या हंगामात मी पहिल्यांदा कारलं खाल्लं. कडूच होतं.

साडूला आता दिसत नाही. हात लावून वेल ओळखतो, चुकीचा ओळखतो, आणि त्याचेही उपकार मानतो. पुरचुंड्या मी बांधतो, तिच्याच लुगड्याच्या चिंध्यांत. चौथीपर्यंत शिकलोय, कशात काय ते चिठ्ठीवर लिहिता येतं मला. पण लिहीत नाही. उगवल्यावर सांगतील.